फादर स्टीफन्स आणि परदेशस्थ अध्यापकाची मर्यादा

(१) परदेशीं जाऊन तेथील लोकांस कांहीं शिकवूं पाहणारा मनुष्य एकाच वेळीं पाहुणाही असतो व गुरुही असतो. पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी, आपली चालवूं नये, हा शिष्टाचार आहे. उलटपक्षीं गुरूनें शिष्यास नवें कांहीं द्यावें व त्याचें चुकत असेल तें सुधारावें, हा त्याचा धर्म आहे. या दोन कर्तव्यांची सांगड घालणें सोपें नाहीं. आमच्या इतिहासांत ज्या अनेक परकीयांनीं हा प्रयत्न केला त्यांमध्यें गोव्यांतील साष्टी प्रांतांत चाळीस वर्षें राहिलेले इंग्रज जेसुइट फादर टॉमस स्टीफन्स यांचें उदाहरण अनेक दृष्टींनीं विचार करण्याजोगें आहे. त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'विषयीं भाषेच्या अंगानें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही निराळा प्रश्न घेणार आहों. तो असा कीं, या गृहस्थांनीं ज्या लोकांत राहून शिकवलें त्यांचा त्यांनीं कितपत आदर केला, आणि तो आदर कोठें जाऊन थांबला ?

हा प्रश्न आम्हांस एका विद्यार्थ्यानें घातला. आम्ही शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत असतां एके दिवशीं वर्गांत 'क्रिस्तपुराणां'तील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या, कर्त्याचें नांव न सांगतां, वाचून दाखविल्या. कोणी एकनाथांचें नांव घेतलें, कोणी मुक्तेश्वरांचें. त्या ओव्या सोळाव्या शतकांत इंग्लंडांत जन्मलेल्या एका पाद्र्यानें रचल्या असें सांगतांच मुलांस मोठें नवल वाटलें. परंतु मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमची कुलदेवी मूळची साष्टींतली. ती रातोरात खाडीपलीकडे न्यावी लागली. तेव्हां हे स्वामी कोठें होते ?" आम्हीं त्या वेळीं सनांचा हिशेब सांगून त्याचें समाधान केल्यासारखें केलें. तें समाधान पुरें नव्हतें, हें त्यालाही कळलें व आम्हांसही कळलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर समजावें.

(२) प्रथम सनांचा हिशेबच पाहूं. साष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यांत १५४३ सालीं कायमचे आले. पुढील पंचवीस वर्षांत तेथील देवळांवर संकट आलें. १५६७ मध्यें राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानानें साष्टींतील देवळें जाळण्याची व पाडण्याची मोहीम केली. त्यांत पडलेल्या देवळांची संख्या २८० च्या आसपास सांगितली जाते. त्याच दशकाच्या आगेंमागें कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा व वेर्ण्याची म्हाळसा यांच्या मूर्ति भाविकांनीं आदिलशाही अंमलांतील अंत्रुज महालांत हलविल्या. धर्मसमीक्षण न्यायालय गोव्यांत १५६० पासून सुरू झालें होतें.

पोथ्यांची कथा आमच्या वाचकांस याहूनही जवळची वाटेल. १५५९ च्या सुमारास दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाच्या घरांतून, त्यानें मोठ्या परिश्रमानें जमविलेल्या मराठी पोथ्या, एका नवख्रिस्ती मनुष्याच्या मदतीनें उचलून जुन्या गोव्यांतील सेंट पॉल विद्यालयांत नेण्यांत आल्या. पाद्र्यांनीं त्या भाषांतरून घेतल्या त्या खंडणाकरितां. ज्यांनीं एखादी पोथी मिळविण्याकरितां चार गांवें पालथीं घातलीं असतील त्यांस या एका वाक्याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

फादर स्टीफन्स हे २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. म्हणजे देवळें पडलीं, मूर्ति हलल्या व पोथ्या गेल्या, हें सर्व त्यांच्या येण्यापूर्वींचें आहे. सनांचें उत्तर येथें संपतें. परंतु नांगरट दुसऱ्यानें केली असली तरी त्याच शेतांत जो पेरणी करतो त्याचा त्या नांगरटीशीं कांहीं संबंध नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. म्हणून पुढें जाणें भाग आहे.

(३) फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं एलिझाबेथ राणीच्या राज्यांत जुना रोमन कॅथलिक पंथ पाळणें हा अपराध ठरला होता. त्यांचे स्नेही टॉमस पाउंड हे याच कारणास्तव वर्षानुवर्षें तुरुंगांत होते. स्टीफन्स देश सोडून रोम येथें गेले व १५७५ मध्यें जेसुइट संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बनहून निघाले. त्या प्रवासाचें वर्णन करणारें जें पत्र त्यांनीं १० नोव्हेंबर १५७९ रोजीं आपल्या वडिलांस लिहिलें, तें पुढें हॅक्लूट यानें आपल्या प्रवाससंग्रहांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचीच गणना होते. ते येथें आल्यावर दोनच वर्षांनीं, १ डिसेंबर १५८१ रोजीं, त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन यांस लंडन येथें देहान्त शिक्षा देण्यांत आली.

हा मजकूर आम्हीं विषयांतर म्हणून दिलेला नाहीं. ज्या मनुष्यास स्वदेशीं स्वधर्म पाळतां आला नाहीं, ज्याच्या सहधर्मीयांचे ग्रंथ लपवून ठेवावे लागत व ज्याचे गुरुबंधु फांसावर गेले, तो मनुष्य येथें अशा राज्याच्या आश्रयानें राहिला कीं, ज्यानें इतरांच्या बाबतींत नेमकें तेंच केलें होतें. लपविलेली पोथी काय असते हें त्यांस सांगावें लागत नसेल. ही गोष्ट त्यांच्या मनांत कधीं आली कीं काय हें आम्ही ठरवूं शकत नाहीं. पण वाचकानें ती मनांत ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

(४) १५८३ हें साल या चरित्रांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं २५ जुलै रोजीं कुंकळ्ळी येथें ख्रिस्तमंदिराकरितां जागा पाहावयास गेलेल्या पांच जेसुइटांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं मंडळींस गांवकऱ्यांनीं ठार मारिलें. मृतांत रोडोल्फो आक्वाविवा हे होते; हेच पूर्वीं अकबराच्या दरबारीं राहून आले होते. प्रेतें मिळवून त्यांचें दफन करविण्याचें काम स्टीफन्स यांनीं केलें, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या मुख्य गांवकऱ्यांस बोलणें करण्याच्या निमित्तानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून मारिलें. विश्वास दाखवून केलेलें हें कृत्य कोणत्याही धर्मशास्त्रांत बसत नाहीं.

त्याच वर्षीं हॉर्मुज येथें पकडलेले राल्फ फिच, न्यूबेरी आदि इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. स्टीफन्स यांनीं व गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं असलेल्या लिन्स्खोटेन या डच तरुणानें खटपट केली व ते जामिनावर सुटले. सुटलेले हे इंग्रज बहुतेक प्रॉटेस्टंट म्हणजे विरुद्ध पंथाचे होते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आणि त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे कुंकळ्ळीच्या प्रसंगानंतर सुमारें तीन महिन्यांनीं, स्टीफन्स यांनीं पॅरिस येथील आपले बंधु रिचर्ड यांस लॅटिन भाषेंत एक पत्र लिहिलें. त्यांत ते इकडील भाषांविषयीं लिहितात कीं, त्या अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानास वाईट लागत नाहींत, त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे आणि त्यांतील वाक्यरचना आश्चर्य करण्याजोगी आहे. अक्षरांविषयीं ते सांगतात कीं, एकेक अक्षर पूर्ण अवयवाचें काम करतें व व्यंजनांचे स्वरांशीं व व्यंजनांशीं जितके संयोग होतील तितकीं अक्षरांचीं रूपें होतात. बाराखडी व जोडाक्षरें यांचें इतकें नेमकें वर्णन चार वर्षांच्या वास्तव्यांत करणें हें साधें काम नाहीं. विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एकमूलत्वाविषयींचें आपलें प्रसिद्ध व्याख्यान कलकत्त्यास १७८६ सालीं दिलें. स्टीफन्स यांचें पत्र त्याच्या २०३ वर्षें आधींचें आहे. त्यांनीं एकमूलत्वाचा सिद्धान्त मांडला नाहीं, केवळ सादृश्य पाहिलें. परंतु ज्या देशांत आपल्या पांच सोबत्यांचे बळी नुकतेच पडले, त्या देशाच्या भाषेंत सादृश्य व सौंदर्य पाहण्याइतकें मन स्वच्छ ठेवणें, हा आदराचा पहिला पुरावा आम्ही मानतों.

(५) दुसरा पुरावा 'क्रिस्तपुराण' हाच होय. हा ग्रंथ राशोल येथें १६१६ सालीं छापला गेला. पुढें स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ 'अवस्वरु' म्हणजे अध्याय आहेत. जे. एल. सल्डाना यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें छापलेल्या आवृत्तींत एकंदर १०,९६२ ओव्या आहेत.

ग्रंथाच्या आरंभीं जो प्रसंग घातला आहे तो बारकाईनें पाहण्याजोगा आहे. साष्टींतील देवळांत धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विचारतो. त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं. त्यांच्या जागीं तुमच्या मताचें एखादें पुराण आम्हांस कां देत नाहीं? या प्रश्नांत तक्रारही आहे व मागणीही आहे. जो केवळ अधिकारी असता त्यानें तक्रार ऐकलीच नसती, आणि ऐकली असती तरी आपल्या ग्रंथांत नोंदविली नसती. स्टीफन्स यांनीं ती ग्रंथाच्या उंबऱ्यावरच मांडली. ज्यांचें कांहीं काढून घेतलें गेलें आहे त्यांच्या मनांत पोकळी उरते, हें त्यांनीं मान्य केलें. पण त्याबरोबरच हेंही खरें कीं, काढून घेणें चूक होतें असें ते म्हणत नाहींत. पोकळी भरणें एवढेंच आपलें काम समजतात. त्यांच्या आदराची व्याप्ति आणि त्याची सीमा दोन्ही या एकाच प्रसंगांत दिसतात.

ती पोकळी त्यांनीं कोणत्या रीतीनें भरली ? त्यांनीं लॅटिन वृत्त आणिलें नाहीं, पोर्तुगीज गद्याचें भाषांतर केलें नाहीं. पहिल्या तीन चरणांस यमक व चौथा चरण आखूड, अशी ज्ञानदेव-एकनाथांच्या वाटेनें आलेली ओवी त्यांनीं घेतली. ग्रंथास 'पुराण' हें नांव दिलें. स्वर्गास 'वैकुंठ' हा शब्द योजला. भक्ति, मुक्ति, पुण्य हे शब्द आमच्याच कोठारांतून घेतले. ओवी ही कोणा परक्यास पुस्तकावरून येत नाहीं; ती कानानें येते. साष्टींतल्या कोणा पुराणिकाच्या किंवा पंतोजीच्या पुढें हा इंग्रज गृहस्थ शिष्य होऊन कित्येक वर्षें बसला असला पाहिजे, याचा साक्षीदार त्यांच्या ओवीचा प्रत्येक चरण आहे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरलेल्या रामायण-महाभारतांतील कथांचीं बाडें आहेत. गोव्यांतील पाद्री आमची भाषा कोणत्या ग्रंथांवरून शिकत असत हें त्यांवरून कळतें. ज्या कथा चारचौघांत वाचण्यास बंदी होती, त्याच कथा भाषा शिकण्याकरितां पाद्र्यांच्या मेजावर होत्या. ही विसंगति विसरतां कामा नये.

(६) भाषेची निवड करतांना स्टीफन्स यांनीं जो विवेक दाखविला तो शिक्षकाचा विवेक आहे. आपल्या प्रस्तावनेंत ते सांगतात कीं, देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशाच्या भाषांत मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळणार नाहीं म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेंतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळले. विद्वानांनीं वाहवा करावी एवढाच हेतु असता तर अवघड शब्द टाकण्याचें कारण नव्हतें. आम्ही आयुष्यभर वर्गांत उभे राहिलों. आपणांस जितकें येतें तितकें सर्व शिष्यापुढें ओतण्याचा मोह किती प्रबळ असतो हें आम्ही अनुभवानें जाणतों. मोठ्या कष्टानें मिळविलेली परभाषेंतील विद्वत्ता श्रोत्यांकरितां बाजूस ठेवणें हा तर त्याहून कठीण संयम होय.

कोंकणीचाही त्यांनीं असाच अभ्यास केला. त्यांनीं केलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबैरु यांनीं वाढवून १६४० सालीं राशोल येथें छापविलें. छापलेल्या रूपांत प्रसिद्ध झालेलें हिंदुस्थानी भाषेचें तें पहिलें व्याकरण मानलें जातें. १८५७ मध्यें कुन्य रिव्हार यांनीं तें पुन्हां छापलें. प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक १६२२ मध्यें निघालें. स्टीफन्स १६१९ सालींच निवर्तले होते. म्हणजे व्याकरण व धर्मपुस्तक यांपैकीं एकही त्यांस छापील स्वरूपांत पाहावयास मिळालें नाहीं.

(७) तिसरा पुरावा लिपीचा आहे, व संग्राहकांच्या दृष्टीनें तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजीं संघाच्या रोम येथील प्रमुखांस लिहिलेल्या पत्रांत स्टीफन्स कळवितात कीं, या प्रांतांत येथील भाषेंत व येथील लिपींत पुस्तकें छापलीं जावीं अशी इच्छा आपण पुष्कळ वर्षें बाळगून आहों; मलबारांत तसें झालें आहे व त्याचा लाभही झाला आहे. अडचण ते सांगतात ती टंकांची. युरोपांत चोवीस अक्षरांनीं काम भागतें, तर येथें जोडाक्षरांमुळें सुमारें सहाशें सांचे पाडावे लागतील. १५८३ मध्यें बंधूस लिहितांना ज्या संयोगांचें त्यांस कौतुक वाटलें, तेच संयोग पंचवीस वर्षांनीं छापखान्याच्या आड आले.

तमिळ टंकांनीं कोल्लम येथें १५७८ मध्येंच पुस्तक छापलें गेलें होतें; गोव्यांत मुद्रणयंत्र १५५६ पासून होतें. तरीही 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांतच छापावें लागलें. देवनागरी टंकांनीं मराठीचें पुस्तक छापलें जाण्यास १८०५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण निघालें. स्टीफन्स यांच्या पत्रापासून हें अंतर १९७ वर्षांचें आहे. ती मागणी मान्य झाली असती तर मराठी मुद्रणाचा इतिहास दोन शतकें आधीं सुरू झाला असता. परदेशस्थ शिक्षकास आपली लिपि शिष्यांवर लादणें नेहमींच सोयीचें असतें. यांस तें सोयीचें वाटलें नाहीं, नाइलाजाचें वाटलें. हा भेद लहान नाहीं.

(८) तुलनेशिवाय गुणदोषांचें माप होत नाहीं, म्हणून दोन समकालीनांकडे पाहूं. वर उल्लेखिलेले लिन्स्खोटेन १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्यांत राहिले. त्यांनीं पाहिलें पुष्कळ व लिहिलेंही उत्तम. परंतु लिहिलें तें स्वदेशीयांकरितां. त्यांचा 'इटिनेरारियो' हा ग्रंथ १५९६ मध्यें हॉलंडांत निघाला व डच गलबतांस पूर्वेचा मार्ग दाखवून गेला. आम्ही त्या ग्रंथांत वर्णनाचा विषय आहों, वाचक नाहीं. स्टीफन्स यांचा मुख्य ग्रंथ ज्यांच्यांत ते राहिले त्यांच्याचकरितां आहे.

दुसरे फ्रेंच जेसुइट एतिएन द ला क्रुआ. यांनींही मराठी ओवींत ग्रंथ केला व तो १६२९ मध्यें छापला. तो 'पीटर पुराण' या नांवानें ओळखला जातो. त्यांचेंही भाषाज्ञान मोठें होतें. पण ग्रंथाच्या पोर्तुगीज मथळ्यांतच हिंदु मतांतील मुख्य चुकांचें खंडन हा उद्देश सांगितला आहे. म्हणजे येथें भाषा शिकली ती शस्त्र म्हणून. स्टीफन्स यांच्या ग्रंथांत मूर्तिपूजेचा निषेध नाहीं असें नव्हे, तो आहेच. परंतु ग्रंथाचा मुख्य ओघ कथा सांगण्याचा आहे, वाद जिंकण्याचा नाहीं. एकाच संघाचे, एकाच प्रांतांतील, एकाच छंदांत लिहिणारे दोन परदेशस्थ. पण एक श्रोत्यासमोर बसून बोलतो, दुसरा प्रतिपक्षासमोर उभा राहून.

(९) आतां दुसरी बाजू. आदराचे एवढे पुरावे दिल्यावर त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मिटला काय ? मिटला नाहीं. भाषेचा आदर आणि ती भाषा बोलणाऱ्याच्या मनाचा आदर या दोन गोष्टी आहेत. स्टीफन्स यांनीं पहिला आदर पूर्णपणें केला. दुसरा त्यांनीं अर्धाच केला. लोकांची बुद्धि, कान, रसिकता यांस त्यांनीं मान दिला. परंतु हे लोक पूर्वीं जें मानीत होते त्यांतही कांहीं सत्य असूं शकेल, हें त्यांनीं स्वीकारलें नाहीं. त्यांच्या काळाचे व त्यांच्या संघाचे तें स्वीकारणें शक्य नव्हतें, हें आम्ही जाणतों, आणि इतिहासांत मनुष्यास त्याच्या काळाबाहेरच्या मापानें मोजूं नये हा नियमही आम्हांस मान्य आहे. तथापि ज्यांचें नुकसान झालें त्यांचाही काळ तोच होता. त्याच काळांत त्याच साष्टींत मूर्ति डोईवर घेऊन रात्रीं खाडी उतरणारे लोक होते. त्यांच्या मापानेंही मोजणें हें इतिहासकाराचें कर्तव्य आहे.

शिवाय शिष्यास गुरु नाकारण्याची मोकळीक असेल तरच गुरूची नम्रता पूर्ण होते. साष्टींतील श्रोत्यांस ती मोकळीक नव्हती. स्टीफन्स यांची वाणी मृदु होती. परंतु त्या वाणीच्या पाठीशीं किल्ला होता व न्यायालय होतें. त्यांनीं स्वतः त्या शस्त्रास हात लावला नसेल. पण ऐकणारा त्या शस्त्राकडे पाहतच ऐकत होता. परदेशीं शिकवावयास जाणाऱ्या प्रत्येकानें हा प्रश्न स्वतःस विचारावा असें आम्हांस वाटतें: आपल्या मागें कोणाचें बळ उभें आहे, आणि समोरचा मनुष्य आपल्या विद्येकरितां ऐकतो आहे कीं त्या बळाकरितां ?

(१०) या कथेचा शेवट मात्र विलक्षण आहे. ज्या सत्तेच्या आश्रयानें 'क्रिस्तपुराण' झालें, तीच सत्ता पुढें त्याच्या भाषेवर उलटली. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. स्टीफन्स यांस मरून तेव्हां ६५ वर्षें झालीं होतीं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जो ग्रंथ छापण्याकरितां इतकी खटपट झाली, तो छापील रूपांत नष्ट झाला व हस्तलिखितांत वांचला.

तो वांचविला कोणीं ? गोवा सोडून दक्षिण कानडांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं. त्यांनीं तो उतरून घेतला, सणांस व उपवासाच्या दिवसांत गाऊन वाचला. टिपूनें १७८४ मध्यें मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें, तेव्हांही त्यांनीं हेंच पुराण गाऊन धीर धरला अशी परंपरा आहे. सल्डाना यांनीं अशाच हस्तलिखितांवरून आपली आवृत्ति सिद्ध केली. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यांच्या संस्थेंत गेलेली देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास उजेडांत आणली. तींत संस्कृत शब्द अधिक व पोर्तुगीज-लॅटिन शब्द कमी आहेत. मूळ पाठ कोणता याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास १९५६ मध्यें प्रसिद्ध झाली. आम्हीं वर्गांत वाचली ती हीच.

ग्रंथकर्ता परका होता. परंतु ग्रंथ परका राहिला नाहीं, याचा यापेक्षां चांगला पुरावा कोणता? ज्यांनीं तो पिढ्यान्पिढ्या हातानें उतरला त्यांनीं तो कोणाच्या हुकुमानें उतरला नाहीं. हुकूम तर उलट होता. जी मोकळीक साष्टींतील पहिल्या श्रोत्यांस मिळाली नव्हती, ती त्यांच्या पणतवंडांनीं घेतली, आणि मोकळेपणानें त्यांनीं पुराण ठेवून घेतलें. लादलेल्या दानांतील जें खरें होतें तें उरलें, व लादणें काळाबरोबर गेलें.

(११) आमच्या संग्राहक मित्रांस येथें एक विनंति करावीशी वाटते. आपण देवनागरी व मोडी कागद जिवापाड जपतों. परंतु रोमन अक्षरांत लिहिलेलें मराठी किंवा कोंकणी बाड दिसलें कीं तें आपलें नव्हे असें समजून पुढें जातों. दिवाडीच्या पोथ्या ज्यांनीं उचलल्या त्यांनीं निदान त्या वाचावयाच्या म्हणून उचलल्या. आपण तर न वाचतांच सोडून देतों. कानडा, कोंकण व गोवा येथील जुन्या ख्रिस्ती घरांत अशीं बाडें अद्यापि असण्याचा संभव आहे. तीं उचलूं नयेत. मालकाची परवानगी घेऊन त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्या नकला कराव्या, व मूळ बाड त्यांच्याच घरीं ठेवावें. परक्या घरीं विद्येकरितां जाणाऱ्याची मर्यादा तीच आहे, मग तें घर सातासमुद्रांपलीकडचें असो किंवा शेजारच्या गल्लींतील असो.

त्या विद्यार्थ्यास आम्ही आज असें सांगूं: बाबा, तुझी देवी निघाली तेव्हां हे स्वामी येथें नव्हते. ते आले तेव्हां तिचें स्थान ओसाड पडलें होतें, व तें ओसाड कां पडलें हें त्यांस ठाऊक असून त्यांनीं त्याविषयीं दुःख लिहून ठेवलें नाहीं. हा त्यांच्याकडे उणा अंक. परंतु ज्या भाषेंत तुझे पूर्वज त्या देवीस आळवीत होते, ती भाषा त्यांनीं डोक्यावर घेतली. हा अधिक अंक. दोन्ही अंक वहींत जसेच्या तसे राहूं दे. एकानें दुसरा खोडूं नको. असो.